जीपवरची पाटी

कवीला रेडिओवर बोलावले की तो कविता वाचणार, असे ऐकणारे धरून चालतात. आज मी कविता वाचणार नाही. एका जीपविषयी बोलणार आहे, आणि त्या ओघात अमेरिकेतल्या काही मोटारींविषयी, ज्या मी आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. कवीला मोटारीतले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. मला सायकलची चेनसुद्धा नीट बसवता येत नाही. पण मी एका मिस्त्रीचा मुलगा आणि दुसऱ्या मिस्त्रीचा धाकटा भाऊ आहे. घरात बी. ए. झालेला मी एकटाच, त्यामुळे गाड्यांचे इंग्रजी कागद वाचून दाखवायचे काम आपसूक माझ्याकडे आले. ते अजून सुटलेले नाही.

बीडला बार्शी नाक्याजवळ अब्बांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचे झाड, आणि इंजिन उचलण्यासाठी त्या झाडाच्या फांदीला टांगलेली साखळीची कप्पी. अब्बांनी आयुष्यातली पहिली जीप पाहिली ती १९४८ च्या सप्टेंबरात, हैदराबाद संस्थानात फौजा आल्या तेव्हा. ते बारा वर्षांचे होते. त्या दिवसांविषयी आमच्या घरात कुणी फारसे बोलत नसे. अब्बाही बोलत नसत. बोलत ते फक्त जीपविषयी: रस्ता नसलेल्या जागेतून ती कशी गेली, नाल्यात उतरून कशी वर आली. पुढे ते फिटर झाले ते त्या एका दृश्यामुळे, असे अम्मी सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात पाटोदा तालुक्यातल्या एका गावाहून फोन आला. बोलणारे आबा ऐंशीच्या घरातले. ऊसतोडीच्या टोळ्यांचे जुने मुकादम. "मिस्त्रीचा ल्योक का तू? तुझ्या बापानं बांधलेली जीप अजून हाय आमच्या खळ्यात. पुण्याचा एक माणूस मागायलाय. तो म्हणतो, महायुद्धातली फोर्ड असंल तर पाहिजे ती किंमत देतो. इंग्रजीत लिहून मागतोय. तू ये, आन् मोठ्या भावालाबी घिऊन ये."

मोठा भाऊ म्हणजे आमचे भाई. ते १९८० साली जेद्दाला गेले आणि एकवीस वर्षे तिथल्या गॅरेजांत राबून २००१ मध्ये परतले. सौदीत त्या काळी पेट्रोल पाण्यासारखे, त्यामुळे अमेरिकन गाड्यांचा सुकाळ. तिथे त्यांच्या हाताखालून अशा काही गाड्या गेल्या, ज्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. मी त्यांना दंडवाल्या गाड्या म्हणतो. मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी आणि तिच्या पोटात आठ सिलिंडरचे अवाढव्य इंजिन. या जातीची पहिली म्हणून बहुतेक जण १९६४ च्या पाँटियाक जीटीओकडे बोट दाखवतात. तिचा जन्म गमतीचा आहे. जनरल मोटर्सचा आतला नियम असा होता की मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटियाकवाल्यांना ३८९ चे बसवायचे होते. मग त्यांनी ती नवी गाडी आहे असे म्हटलेच नाही. साध्या टेम्पेस्ट लेमान्स गाडीवर गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारा 'ऑप्शन' म्हणून जीटीओ विकायला काढली! ३८९ क्युबिक इंच म्हणजे साधारण ६.४ लिटर. आपल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. जवळजवळ सहा पद्मिनी एका बॉनेटखाली.

या गाड्यांचा सगळा खेळ या 'ऑप्शन' शब्दात आहे. गिऱ्हाईक शोरूममध्ये बसून यादीवर खुणा करी. इंजिन हे, गिअर चार की आपोआप पडणारे, रंग हा, सीट ही, घड्याळ पाहिजे, पट्टे पाहिजेत. कारखान्यात त्या यादीचे अक्षर-आकड्यांच्या संकेतांत रूपांतर होई आणि ते गाडीबरोबर फिरत. आज पन्नास-साठ वर्षांनी ती गाडी मुळात कशी होती हे ठरवायचे तर तेच संकेत वाचावे लागतात. डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या. त्यांच्या बॉनेटखाली डाव्या बाजूच्या पत्र्याला एक लहानशी पाटी असे. त्या पाटीवर ई ने सुरू होणारा संकेत इंजिनाचा, डी चा गिअरबॉक्सचा, आर चा रेडिओचा. १९७० च्या पाटीवर ई-७४ दिसले की भाईंच्या शब्दांत 'उस्तादों का उस्ताद', म्हणजे ४२६ क्युबिक इंचांचे हेमी इंजिन. आणि गंमत म्हणजे ही पाटी सर्वांत खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करायची. भाई म्हणत, "उर्दू दाएं से बाएं, मराठी बाएं से दाएं, और ये नीचे से ऊपर."

काही पाट्यांवर आर चा संकेतच नसे. म्हणजे गिऱ्हाइकाने सर्वांत दांडगे इंजिन मागितले, पण रेडिओ नको म्हटले. का, तर शर्यतीत तेवढेच वजन कमी, किंवा तेवढेच डॉलर वाचले. रेडिओच्या जागी एक कोरी पट्टी बसवून भोक झाकून टाकत. आकाशवाणीवरून हे सांगताना मला जरा वाईट वाटते, पण माणसाचा स्वभाव त्या न लिहिलेल्या अक्षरातून कळतो, हे मात्र खरे.

पाटीशिवाय एक कागदही असे. जोडणीच्या पट्ट्यावर कामगारांनी काय काय बसवायचे, ते त्यावर छापलेले. काम झाले की तो कागद ते कुठेतरी कोंबून टाकत: सीटच्या स्प्रिंगांत, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर. जेद्दाला एका गाडीची मागची सीट उसवताना भाईंना असा कागद सापडला होता. उंदरांनी कडा खाल्लेला, तेलाने पिवळा पडलेला. गाडीच्या मालकाने तो तिथेच उभा राहून डोळ्यांना लावला, असे भाई सांगतात. भाईंना तेव्हा त्यात काय एवढे, असे वाटले होते.

त्यात काय, ते किमतीत कळते. १९६९ च्या शेवरले शेवेलचा चेसिस नंबर वाचून ती साधी आहे की एसएस, म्हणजे जोरदार इंजिनाची, हे सांगता येत नाही. एसएस हाही ऑप्शनच होता आणि तो नंबरात उतरत नसे. मग काय, साध्या गाडीवर एसएसची अक्षरे चिकटवायची आणि कितीतरी जास्त दराने विकायची, हा धंदा तिकडे सर्रास चालतो. म्हणून इंजिनावर ठोकलेले आकडे बघा, कागद शोधा, पाटीचे रिव्हेट मूळचे आहेत का ते बघा, असे शहाणी माणसे सांगतात. हे रिव्हेटचे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाहनांचे नंबर असे कंपनीगणिक वेगळे असण्याची गंमत पुढे संपली. अमेरिकेने १९८१ पासून सतरा अक्षरांचा एकच नमुना ठरवला. तोच आता बहुतेक जगात चालतो. तुमच्या मोटारसायकलचे आरसी काढून पाहा. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच सापडणार नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. सुरुवात एम-ए ते एम-ई यांपैकी कशाने असेल तर गाडी भारतात बनलेली. महिंद्राची असेल तर एम-ए-१.

आता आपल्याकडे. अमेरिकन मोटार मराठी मुलखाला परकी नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळू लागल्या. तीच मोटार डॉज म्हणून, डिसोटो म्हणून आणि प्लिमथ म्हणूनही विकली जाई. ट्रकचेही तसेच: डॉज, फारगो, डिसोटो. लोखंड एक, नावे तीन. आमच्या नाक्यावर फारगोवाले आणि डॉजवाले ड्रायव्हर आपलाच ट्रक कसा सरस यावर हातघाईवर येत, आणि अब्बा दोन्हींना एकाच खोक्यातला सुटा भाग काढून बसवत.

पण ऑप्शन? ते कुठले! तिकडे माणूस रेडिओ नको म्हणत होता, तेव्हा इकडे फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळेल ती घ्या, असेल तो रंग घ्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे माणसे कामावर खडी फोडत होती. त्याच सुमारास तिकडच्या दंडवाल्या गाड्याही उताराला लागल्या. विम्याचे हप्ते, धुराचे नियम, आणि १९७३ च्या तेलटंचाईने शेवटचा धक्का दिला.

आपल्याकडचे ऑप्शन कारखान्यात बसतच नसत. ते बार्शी नाक्यावर बसत. जीप येई ती नुसता सांगाडा म्हणून. तिला मागे समोरासमोर बाकडी, वर ताडपत्रीची कमान, बाजूला पाण्याच्या कॅनची कडी, पुढे जादा पाटे, पेट्रोलच्या इंजिनाच्या जागी डिझेल, हे सगळे अब्बा करत. कुठल्या संकेताने? गिऱ्हाईक लिंबाखाली बसून तोंडाने सांगे, अब्बा जमिनीवर खडूने रेघ मारत. हिशेबाची एक वही असे. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला, बीडमध्ये माणसे गेली, घरे गेली. त्यात आमचे पत्रे गेले आणि वहीही गेली. त्यामुळे अब्बांनी कुठल्या गाडीला काय केले याचा कागद आज जगात नाही.

तर आम्ही दोघे पाटोद्याकडे गेलो. जीप खळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी. समोर ड्रायव्हरशेजारच्या खणाच्या झाकणावर पितळी रंगाची पाटी. मी चष्मा लावून वाचली: फोर्ड मोटर कंपनी, जीपीडब्ल्यू, खाली नंबर आणि लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख, १९४३. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंचांचा व्हीलबेस, डब्ल्यू म्हणजे विलीज. महायुद्धात विलीजची जीप इतकी लागली की तोच आराखडा घेऊन फोर्डलाही ती बनवायला लावली. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी पाटीचाच फोटो पुण्याला पाठवला होता.

भाईंनी पाटीकडे पाहिलेही नाही. ते गोणपाट टाकून पुढच्या बाजूने खाली शिरले. तारेचा ब्रश, रॉकेलचा बोळा, टॉर्च. दहा मिनिटे नुसता खरखर आवाज. मग खालूनच म्हणाले, "पाइप है." मला काही कळले नाही. बाहेर आल्यावर त्यांनी समजावले. विलीजच्या चेसिसला पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्डच्या चेसिसला तो पत्रा वाकवून केलेला, उलट्या पन्हळीसारखा. फोर्ड आपला नंबर थेट चेसिसवर ठोके, विलीज लहान पाटीवर ठोकून ती रिव्हेटने जोडी. इथे गोल नळी होती आणि शेजारी रिव्हेटची रिकामी भोके. म्हणजे चेसिस विलीजची. समोरच्या जाळीला खाचा सात, लष्करी जीपला नऊ असतात, म्हणजे ती नंतरच्या नागरी जीपवरून आलेली. इंजिन महिंद्राचे डिझेल. फोर्डवाले आपल्या बोल्टांच्या डोक्यावरही एफ अक्षर काढत. तसे चार बोल्ट मात्र निघाले, मागच्या बाकड्याला. कुठून आले, अल्ला जाणे.

महिंद्राचे नाव आले म्हणून जाता जाता सांगतो. ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथे महिंद्रा अँड महिंद्रा झाले. एम अँड एम ही अक्षरे तशीच राहिली. मला ही गोष्ट फार आवडते. का आवडते ते विचारू नका. व्यासपीठावर माझे नाव पुकारले की अजूनही कुणीतरी कौतुकाने विचारते, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?"

मग भाई पाटीकडे वळले. बोटाने चारही रिव्हेट चाचपले आणि खाली बसले. तांब्याचे रिव्हेट होते, डोकी हातोडीने गोल केलेली, त्यातले एक वाकडे. भाई म्हणाले, "ये टेढ़ा मेरा है." सत्तर सालची गोष्ट, ते बारा वर्षांचे होते. आबांचे वडील अब्बांकडे आले होते. शेजारच्या गावच्या पाटलांकडे म्हणे फोर्ड होती, तर यांनाही फोर्डच हवी होती. भंगारात गेलेल्या एका फोर्ड जीपची पाटी अब्बांच्या खोक्यात पडलेली होती. अब्बांनी ती बसवली. मागून लोखंड धरायला भाईंना उभे केले आणि शेवटचा रिव्हेट त्यांना ठोकू दिला. पाटीचे वेगळे पैसे घेतले का, असे मी विचारले. भाई म्हणाले, "लिए. पांच रुपये."

अब्बा पाच वेळा नमाज पढणारे, दुसऱ्याचा एक नट चुकून आपल्या खोक्यात आला तर चार मैल सायकल मारून परत देणारे. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्याविषयी मी कविता लिहिल्या आहेत, आणि त्या कवितांत ते कधीही खोटे बोलत नाहीत. त्या खळ्यात मला काही सुचेना.

आबा बराच वेळ गप्प होते. मग हसले. "म्हंजी आमच्या बापानं पाच रुपये दिऊन फसवून घेतलं म्हना की!" मग हसू ओसरले. नातीला नर्सिंगला घालायचे होते. फी भरायची तारीख जवळ आलेली. ते हळूच म्हणाले, "त्या पुण्यावाल्याला हे समदं सांगायचंच का?"

मी भाईंकडे पाहिले. भाई हात पुसत होते. म्हणाले, "आबा, गाडी तुमची आहे. मला कुणी विचारलं तर मी पाइप आहे म्हणून सांगणार. पण लिहायचं याला आहे."

म्हणजे माझ्यावर आले. कवीला एखादा शब्द इकडचा तिकडे करता येतो. 'पाटीवर फोर्ड असे लिहिले आहे' एवढेच लिहिले असते तर ते खोटेही झाले नसते. तसे एक वाक्य मी मनात जुळवलेही होते. चहा आला, तो पिऊन होईपर्यंत ते वाक्य मला चांगलेच वाटत होते. मग आबांच्या नातीने पेन आणून दिले. मी लिहिले की चेसिस विलीजची, जाळी नागरी जीपची, इंजिन महिंद्राचे, आणि फोर्डची पाटी १९७० मध्ये बीड येथे बसवलेली. बसवणाऱ्याचे नाव लिहिताना थांबलो. शेवटी अब्बांचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे 'माझे वडील' असेही. आबांना मराठीत वाचून दाखवले. ते म्हणाले, "बरं हाय."

पुण्याहून उत्तर यायला आठ दिवस लागले. त्यांनी सांगितलेली किंमत निम्म्याच्या जरा वर आणली, पण जीप घेतली. विलीजची चेसिसही त्यांना चालणार होती. बाकीची फी आबांनी कशी उभी केली ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. नात नर्सिंगला गेली, एवढे ठाऊक आहे.

जीप ट्रकवर चढवताना आम्ही गेलो होतो. आबांची म्हातारी ओट्यावरून उतरली नाही. भाईंनी जाण्यापूर्वी पाटी काढून घेऊ का म्हणून पुणेकरांना विचारले होते. त्यांनी होकार दिला. चारही रिव्हेट छिन्नीने उडवले. पाटी आता माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून.

दोन महिन्यांनी पुण्याहून फोन आला. जीप पूर्ण उसवून लष्करी नमुन्याप्रमाणे पुन्हा बांधायचे काम चालू होते. जो तरुण ते काम करत होता तो हुशार होता, छापील पुस्तके समोर ठेवून एकेक भाग पडताळत होता. त्याला एका गोष्टीचा उलगडा होईना. मागच्या कमानीला आतून दोन जाड आकडे डागलेले आहेत, बोटाएवढ्या सळईचे, एकमेकांपासून चार फुटांवर, आणि त्यांची टोके घासून अगदी गुळगुळीत केलेली आहेत. विलीजच्या यादीत ते नाहीत, फोर्डच्या नाहीत, महिंद्राच्या नाहीत. वायरलेस टांगायचे का? बंदुकीचे?

मी फोन भाईंकडे दिला. भाई म्हणाले, "झोळीचे आहेत ते. टोळीतल्या बायकांच्या लेकरांसाठी. ऊस तोडायला जाताना जीपमध्ये झोळी बांधायचे." पलीकडून काहीतरी विचारले गेले. भाई म्हणाले, "नाही, कंपनीचं नाही. आमच्या अब्बांचं." मग पुन्हा थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाले, "ठेवायचं का कापायचं ते तुम्ही बघा. कापलं तर टाकू नका, बीडच्या एसटीत ठेवून द्या. मी स्टँडवर येऊन घेईन."

अजून एसटीने काही आलेले नाही.